वेंगुर्ल्याच्या बाईचं कुंकू

कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरलो तोच टांगेवाल्याने विचारलं, "चित्र बघाय आलाय न्हवं, पावणं?" माझ्या मनात पाल चुकचुकली. पुण्याच्या संग्रहालयातून मी येणार हे याला कोणी सांगितलं? संस्थानं विलीन झाल्यापासून ज्याच्या त्याच्या माळ्यावर विलायती चित्रं सापडत होती, आणि त्यातली बरीचशी गावातल्याच पेंटरांनी रंगवलेली. तसल्याच एकाला मी मागे अस्सल म्हटलं आणि साहेबांसमोर तोंडघशी पडलो. पुन्हा फसलो तर नोकरी जाणार होती.

वाटेत खाणावळीत जेवलो. तांबड्या रश्शाने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. खाणावळवाला म्हणतो, "तिखट न्हाय की ओ त्यात!" आता इथे माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?

घर कळंब्याच्या रस्त्याला, शेतात. घरधनी आतल्या खोलीत खाटेवर पडून. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन मिरजेला व्हायचं होतं, त्यासाठीच चित्र विकायचं होतं. त्यांची बायको रोखठोक बोलली, "खरं असलं तर घ्या. खोटं असलं तर तोंडावर सांगा. आमास्नी आशेवर ठिवू नगा."

चित्र बाहेरच्या सोप्यात उजेडाला टेकवलं होतं. काळा झगा, गळ्याभोवती पांढरी कडक पट्टी. सतराव्या शतकातली डच बाई. सही नाही, चित्रकाराचा पत्ता नाही. कुणा पूर्वजाने वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून आणली, म्हणे. मागचं लाकूड किडलेलं, खिळे हातघडणीचे. पण किडकं लाकूड काय, बाजारातही मिळतं.

मग कपाळाकडे लक्ष गेलं. दोन भुवयांमध्ये ठसठशीत कुंकू. डच बाईला कुंकू! पेंटरला सवय नडली, म्हटलं, बरा सापडलास. रुमाल ओला करून घासला. रंगातलं असतं तर हललं नसतं. ते रुमालावर उतरलं, आणि खाली दिसला जुना, बारीक तडकलेला रंग, बाकीच्या चेहऱ्यासारखाच. चित्र अस्सल होतं.

वळून पाहतो तर घरधनीणबाई भिंत धरून उभ्या.

"काय केलंसा ह्ये? मालक आजारी, आन् तुमी घरातल्या बाईचं कुंकू पुसलंसा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, चुकलो. पण चित्र..."

"थांबा. आदी कुंकू लावू द्या."

त्यांनी करंडा आणला, मेण लावून त्यावर कुंकू बसवलं, पदराने डोळे टिपले. "आता सांगा. खरं हाय?"

"खरं आहे."

त्यांनी करंडा मिटला. म्हणाल्या, "सवाष्ण हाय ती. सासूबाई सांगायच्या, हिचं कपाळ मोकळं ठिवायचं न्हाय. तिकडं कोण लावंल हिला?" मी लाल झालेला रुमाल खिशात कोंबला.

पुण्याला तार केली, होकार आला, पैसे पोचले. चौथ्या दिवशी चित्र घेऊन परतलो. साहेब खूश झाले. फक्त कपाळावरचा तो लाल डाग साफ करा, म्हणाले.

"निघत नाही," मी म्हणालो.

इतकी वर्षं लोकांचा खोटेपणा हुडकत हिंडलो, आणि साहेबांशी हे पहिलं खोटं बोललो. ऑपरेशन एव्हाना झालं असेल. मिरजेहून अजून पत्र नाही. ते येईपर्यंत डाग निघणार नाही.