अकरा कॅन आणि अर्धी बाटली

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. साठतात आणि वाढतात! दुष्काळाच्या साली आम्ही दूध संघाच्या टेम्पोत अकरा लेकरं घालून उसाच्या फडावर गेलतो. जाऊन येऊन दोन-तीन दिवसांचा खेळ. पण घरात लग्न निघू द्या, बारसं निघू द्या, मांडवात बसल्या बसल्या त्याचा आठवडा होतो. आता तर जे टेम्पोत नव्हते तेही सांगायला लागलेत. परवा आमचा एक जावई रंगवून रंगवून सांगत होता. मी म्हणलं, "जावईबापू, तवा तुमी आमाला ठाऊक तरी होतात का?"

म्हणून एकदा मीच सांगते. मी त्या टेम्पोत पुढं बसले होते आणि मांडीवर छकी होती.

*

आमचं गाव नांदूरघाटाच्या पलीकडं. मी अंगणवाडीताई, मालक दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. आम्हाला मूलबाळ नाही. धाकटे तिघं दीर दिवाळी झाली की जोडीनं ऊसतोडीला जायचे, पार कराडच्या बाजूला, ते उन्हाळा लागल्यावरच परत. तिघांची मिळून अकरा लेकरं. थोरली मंदा बारा वर्षांची, शेवटची छकी तीनची.

एरवी छकी आईबरोबर फडावर जायची. पण त्या साली निघायच्या वेळी तिला खोकला झाला. तिची आई सुनीता, माझी सगळ्यात धाकटी जाऊ, डोळे पुसत म्हणाली, "आक्का, पाचटाच्या कोपीतल्या थंडीत हिचं काय खरं न्हाई. ठिवा तुमच्यापशी." ठेवली.

सगळी लेकरं मला 'मोठी आई' म्हणायची. छकीला एवढं लांबलचक जमायचं नाही, ती नुसतंच 'आई' म्हणायची. मी तिला कधी सुधारलं नाही.

*

तर निघालो कसे? त्याचा काही प्लॅन-बिन नव्हता. शिमगा जवळ आला होता. विहिरींना तळ लागलेला, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. जनावरं विकून लोक मोकळे झालेले, दूध इतकं कमी की संघाचा टेम्पो एक दिवसाआड निघायचा.

रविवारी सकाळी मुकादमाच्या मोबाइलवरून सुनीताचा फोन आला. सगळ्यांची खुशाली विचारली आणि मग हळूच म्हणाली, "आक्का, छकी मला वळखंल का वो?"

"आगं कावून न्हाई वळखणार? येडी का खुळी तू!" म्हणून मी फोन ठेवला. पण फोन स्पीकरवर होता आणि मालक दारात दाढी करत बसले होते. त्यांनी अर्धीच दाढी केली, तोंड पुसलं आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं दारात हॉर्न वाजला.

"पोरं बसीव!"

"कुठं?"

"आईबापाकडं."

"कवा?"

"आता!"

"आवो, आंगुळी व्हायच्यात सगळ्यांच्या!"

"घरात पाणी हाय का?"

"न्हाई."

"मग बस की!"

*

संघात दुधाचे कॅन भरताना मोजतात आणि उतरवताना मोजतात. वीस वर्षांची सवय! मालकांनी पोरांनाही तोच कायदा लावला. टेम्पो थांबला की मी मोजायचं, निघताना पुन्हा मोजायचं. मी 'अकरा' म्हणलं की ते म्हणायचे, "परत मोज." दोनदा आकडा जुळल्याशिवाय टेम्पोचा मागचा फाळका लावायचा नाही म्हणजे नाही.

जामखेडच्या अलीकडं एका गावात चहाला थांबलो. निघताना मोजले, बारा!

"परत मोज." परत बारा. मालक खाली उतरले. "आयला, कॅन कमी झालेला बघितलाय. वाढलेला पहिल्यांदा बघतोय!"

मंदानं गर्दीतून एका पोराला पुढं ओढलं. सहा-सात वर्षांचा, अंगावर फक्त बनियन. हॉटेलच्या मागं राहणाऱ्या म्हातारीचा नातू होता. आमची पोरं सांगत होती आम्ही फडावर चाललो, ते ऐकून गपचूप चढून बसला होता.

"तुला कुठं जायचंय रे?" मालकांनी विचारलं.

"ह्यांच्या आया हायेत तिथं."

"तुझी आई कोणत्या कारखान्याला गेलीय?"

"आसंल की तिथंच," तो म्हणाला.

म्हातारी येऊन त्याला उतरवून घेऊन गेली. जाताना त्यानं काही रडारड केली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. टेम्पो निघाला तरी पोरं ताडपत्री वर करून त्याच्याकडंच बघत होती.

*

करमाळ्याच्या पुढं पोलिसानं अडवलं. टेम्पोवर संघाचं नाव, मागं ताडपत्री.

"काय भरलंय?"

"लेकरं," मालक म्हणाले.

त्याला वाटलं थट्टा चालली आहे. त्यानं ताडपत्री वर केली. आत अकरा... नाही, छकी माझ्याकडं होती, आत दहा तोंडं! मी अंगणवाडीत शिकवलेलं, मोठं माणूस दिसलं की काय करायचं? दहाही जणांनी हात जोडून सुरात ओरडलं, "नमस्ते सर!"

सर दोन पावलं मागं गेले. मग म्हणाले, "दुधाच्या गाडीत दूध कुठंय?"

"साहेब, दुष्काळ हाय. दूध सपलं, पिणारे तेवढे शिल्लक ऱ्हायलेत!"

त्यानं हसू दाबत हात दाखवला, जा म्हणून. वर मालकांना म्हणाला, "आधी ती अर्धी दाढी पुरी करा!"

*

उजनी धरणाच्या पट्ट्यात शिरलो आणि देशच बदलला. रस्त्याच्या कडेनं भरलेला कॅनॉल वाहत होता. पोरांनी असा गलका केला की टेम्पो थांबवावा लागला. सात वर्षांचा गण्या काठावर उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला.

"मोठी आई, हे कुणाचंय?"

"सरकारचं."

"मग सरकार झाकून का ठिवीत न्हाई?"

आमच्याकडं घागरीवर सुद्धा झाकण आणि झाकणावर दगड असायचा.

पुढं एका पेट्रोल पंपावर नळ गळत होता. मी चहा घेऊन येईपर्यंत पोरांनी तिथं रांग लावली होती! मंदा नंबर देत होती, गण्या भांडणं सोडवत होता. बाटल्या भरल्या, डबे भरले, मागं दुधाचे दोन रिकामे कॅन होते तेही भरायला लावले. पंपावरचा माणूस आला. "अगं पोरी, पुढं पण पाणी आहे. सगळीकडं आहे."

"आमाला बी आसंच सांगितलं हुतं," मंदा म्हणाली आणि नळाखाली पुढची बाटली धरली.

*

आता छकीच्या बाटलीचं सांगायला पाहिजे. तिला एक खोड होती. तांब्या द्या, पेला द्या, अर्धं पाणी प्यायची आणि अर्धं ठेवायची. तहान असली तरी ठेवायची. आधीच पाण्याचे हाल, त्यात हिचं उष्टं! मी रोज ओरडायची, "कुणासाठी ठिवतीस गं?" ती नुसती पेल्यावर झाकण ठेवायची. पाणी फेकायची तर सोय नव्हती, म्हणून ती झोपली की मी ते शेळीला घालायची. सकाळी उठून पेला रिकामा बघायची आणि त्या दिवशी पुन्हा अर्धं ठेवायची.

मालकांचं म्हणणं वेगळं. "आगं, संघात दुधाचा नमुना काढून ठिवतेत का न्हाई? तशी ठिवीत आसंल ती!"

टेंभुर्णीला छकी जरा मागं पोरांत खेळायला गेली आणि गण्यानं तिनं बाटलीत राखलेलं अर्धं पाणी पिऊन टाकलं. टेम्पोत चांगलं दोन कॅन पाणी होतं, पण छकीनं जे भोकाड पसरलं! मी बाटली काठोकाठ भरून दिली. नको. बिस्किट दिलं. फेकलं. शेवटी तिनं स्वतःच त्या बाटलीतलं अर्धं पाणी कसंबसं पिऊन संपवलं, अर्धं उरवलं, बूच लावलं, तेव्हा कुठं गप्प झाली. पोट तट्ट फुगलं होतं लेकराचं.

मी गण्याला धपाटा घातला. वर छकीलाही बोलले, "हट्टी कुठली!"

*

फड जवळ यायला लागला तशी मंदा मागच्या खिडकीतून छकीची तयारी घ्यायला लागली. "छके, तुझी आई कशी दिसती?"

छकीनं माझ्या नाकावर बोट ठेवलं.

सगळी पोरं खो खो हसली. मालक हसले नाहीत, समोर बघून गाडी चालवत राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्या बोटाचं लई बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढं मला सुनीताचा तो फोन आठवला आणि माझीच मला लाज वाटली. छकीनं तिला ओळखू नये असं माझ्या मनात कुठंतरी होतं. उन्हाळ्यात का होईना, ती आली की हे लेकरू माझ्या मांडीवरून उठणार होतं.

मी छकीला म्हणलं, "मी मोठी आई. तुझी आई तिकडं हाय."

"तू आई," ती म्हणाली आणि बाटली छातीशी धरून झोपी गेली.

*

रात्री वाटेत एका मंदिराच्या ओवरीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडावर पोचलो. टेम्पो बांधावर लावला. समोर पंधरा-वीस बाया ऊस तोडत होत्या. साडीवर गड्याचे फुल बाह्यांचे शर्ट, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे उघडे. मला माझ्या जावा ओळखू येईनात! पण फाळका पडला आणि पोरं सुटली. कुणी चालीवरून ओळखलं, कुणी आवाजावरून, दहाच्या दहा आपापल्या आईच्या गळ्यात.

एक बाई कोयता टाकून आली आणि आमच्यापासून दहा हातांवर थांबली. फडकं सोडलं. सुनीताच, पण वाळून काळी पडलेली, माझ्याच्यानं बघवेना.

"छके, बघ कोण हाय!" मी म्हणलं. छकीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. "आगं आई हाय तुझी!" छकी अजून घट्ट झाली. मालक रुमालानं टेम्पोची काच पुसायला लागले, स्वच्छ होती तरी.

सुनीता पुढं आली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, जबरी नका करू. लांबनं आलंय, तान लागली आसंल लेकराला." बांधावरच्या घागरीतून तिनं तांब्या भरला, माझ्या हातात दिला आणि पुन्हा मागं जाऊन उभी राहिली.

मी तांब्या छकीच्या तोंडाला लावला. ती प्यायली. पिताना तांब्याच्या काठावरून सुनीताकडं बघत होती. अर्ध्यावर थांबली. मी सवयीनं तांब्या काढून घ्यायला गेले, तर तिनं तो दोन्ही हातांनी ओढला. माझ्या कडेवरून घसरत खाली उतरली. पाचटातून पडत-झडत, पाणी सांडत, दहा हात चालत गेली आणि तांब्या वर धरला.

"पी," ती म्हणाली. "तुझं हाय."

सुनीता तिथंच खाली बसली आणि प्यायली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. पोरं रडत रडत टेम्पोत चढली. फाळका हातात धरून मालक म्हणाले, "मोज."

"दहा," मी म्हणलं.

त्यांनी फाळका लावला. परत मोज म्हणाले नाहीत.