वीस पोती भुसा

राज्य नवं, राजधानी नवी, आणि तलावातली बोटही नवी. मी तेव्हा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो. बोटीच्या तपासणीची नोंद करून शेवटी सही करायची, हे माझ्याकडे होतं. त्या सहीची मला आजही शिसारी येते.

बोट वीस माणसांची, असं ठेकेदाराने कागदावर लिहिलं होतं. तपासणीची रीत सोपी होती. एका माणसाच्या वजनाचं एक, अशी रेतीची वीस पोती बोटीत ठेवायची आणि बाहेरच्या अंगाला रंगवलेली पांढरी रेघ पाण्याच्या वर राहते का, ते बघायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही आमचं आमचंच हे करून पाहिलं. चौदाव्या पोत्यालाच रेघ पाण्याखाली गेली.

मी म्हटलं, बारा माणसांचाच परवाना घ्या. आमचे साहेब नागपूरचे, माझ्याशी मराठीतच बोलत. ते खेकसले, "काहून अडवून राहिला बे? उद्घाटनाच्या फेरीचे वीस पास वाटून झाले. आता आठ जणांले काय पोहत पाठवू?" ठेकेदार दात काढत म्हणाला, "भैया, तालाब है, समुंदर थोड़े ही है."

दुसऱ्या दिवशी बोट तपासायला बाहेरगावचा सर्व्हेअर आला. त्याला आधी पोहे-जिलेबी, मग चहा, मग पान. तोवर बोटीत वीस पोती रचून तयार. रेघ ऐटीत पाण्याच्या वर होती. मला वाटलं, रात्रीतून बोट सुधारली की काय! मग बोटीच्या कडेच्या पोत्याची शिवण उसवली आणि आतून पिवळा भुसा भुरभुरत पाण्यावर पसरला. भनपुरीकडच्या राइस मिलचा, धानाचा भुसा. वर ओंजळभर रेती, खाली सगळा भुसा.

सर्व्हेअरने तो पाहिला. साहेबांनी पाहिला. मीही पाहिला. तिघांनीही माना दुसरीकडे वळवल्या. सर्व्हेअरने पोती मोजली, वजन केलं नाही. वीस भरली. बोटांना जिलेबीचा पाक तसाच, त्याच हाताने त्याने कागदावर शेरा मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे तर कुंपण बसून ढेकर देत होतं. आणि मी? मी चिकट कागद रुमालाने पुसला आणि 'भार चाचणी समाधानकारक' असं लिहून खाली सही ठोकली. अक्षर माझं फार सुरेख होतं.

उद्घाटनाला कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना पहिल्या फेरीचा मान होता. आमच्या बूढापाऱ्यातल्या घरातून बायको मुलीला नवा फ्रॉक घालून घेऊन आली. मुलगी सात वर्षांची. बोटीच्या फळीवर तिने एक पाय ठेवला आणि मी तिचा दंड धरून मागे ओढलं.

"पापा, मैं क्यों नहीं?" ती रडायला लागली. तिला मराठी कळायची, पण बोलायची हिंदीच.

"तिला मळमळतंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

तिच्या जागेवर आमच्या कार्यालयातल्या शिपायाचा धाकटा मुलगा बसला. शिपायाची बायको आणि मोठी पोरगी आधीच बसल्या होत्या. मला ओरडून सांगता आलं असतं. साहेब चार पावलांवर उभे होते. बोट सुटली. वाऱ्याने जराशी कलली, बायका हसत किंचाळल्या. पांढरी रेघ कुठेच दिसत नव्हती. ती दहा मिनिटं मी मुलीचा दंड सोडला नाही. नंतर पाहिलं तर तिथे माझ्या बोटांचे वळ उठले होते.

बोट परत आली. काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिपाई आपल्या लेकरांना उतरवून माझ्याकडे आला. भंडाऱ्याकडचा, साधा माणूस. हात जोडून म्हणाला, "मले पाण्याचं लय भेव वाटते साहेब. पन कागदावर तुमची सही पाह्यली न, म्हनून बसवलं पोट्ट्यांले."

"बरं केलंस," मी म्हणालो.