पाचवा नळ

माझ्या बायकोच्या मामांइतका बिअरवर जीव टाकणारा आणि त्यांच्याइतकी कमी बिअर पिणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. त्यांचा दिवसाचा खुराक अर्धं फुलपात्र. तेही स्वतःचं, पितळी, झब्ब्याच्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवलेलं. काचेचा ग्लास त्यांना चालत नाही. "काचंला व्हट लावला की आदी काचच लागती," असं त्यांचं म्हणणं. पंचाहत्तरी गाठलेला, धोतर नेसणारा, एकादशी पाळणारा हा माणूस बिअरच्या कारखान्यात काम करतो, हे आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून खरं वाटत नाही. उरलेल्या निम्म्यांनी ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, कारण मी जावई.

मामांचं घराणं सांगोल्याकडचं, शेरडं-मेंढरं राखणारं. मामा शिकले आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथं तीस-पस्तीस वर्षं रस आणि मळी हुंगून त्यांचं नाक असं तयार झालं होतं की घरात कुणी काही लपवायची सोय राहिली नाही. आमच्या लग्नात पंगत बसण्याआधी ते आचाऱ्याच्या मठ्ठ्यावर वाकले आणि म्हणाले, "ताक दोन घरचं हाय. येक म्हशीचं, येक गाईचं." आचारी आधी भांडला, मग कबूल झाला आणि शेवटी त्यानं मामांना नमस्कार केला. मी मुंडावळ्या सावरत हे सगळं बघत होतो. माझ्याकडं वळून, माझ्या खांद्याचा वास घेऊन मामा म्हणाले, "जावईबापू, अत्तर कुणाचं मागून आनलं?" ते खरोखरच मेव्हण्याचं होतं.

निवृत्त झाल्यावर असं नाक घरात बसवून ठेवणं मामींना परवडणारं नव्हतं. नेमकं त्याच सुमाराला टॉवेलच्या कारखान्यावाल्या एका तरुण मालकानं पुणे रस्त्यावर बिअर गाळण्याचं परवानाधारक दुकान काढलं आणि मामांना मांडवाखालून उचलावं तसं उचलून नेलं. घरात तेलुगू बोलणारा हा मालक मामांना 'काका' म्हणतो, मामा त्याला 'शेठ' म्हणतात, आणि दोघंही दिवसभर एकमेकांचं ऐकत नाहीत. दुकानात पाच नळ. सुरुवातीला पाचही नळांना पाच चवी होत्या. एक गव्हाची, एक करपवलेल्या सातूची काळीभोर, एक आंबटसर, एक हॉप्स नावाच्या फुलांची कडू, आणि पाचवी मामांची लाडकी, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची.

मग हायवेवरून पुण्याची मंडळी येऊ लागली आणि त्यांना कडूच हवी असायची. गव्हाची गेली, तिथं संत्र्याच्या वासाची कडू आली. काळी गेली, तिथं आंब्याच्या वासाची कडू आली. आंबटसर गेली, तिथं नुसतीच आणखी कडू आली. मामा येईल त्याला नळ मोजून दाखवायचे. "गावात नळाला चार दिसाआड पानी, आन् हितं चार नळांना येकच चव!" बरं, कडूवर त्यांचा राग होता असंही नाही. पहिली कडू बिअर त्यांनीच बसवून दिली होती आणि ती उत्तम होती. ते म्हणायचे, "कडू वाईट न्हाय, शेठ. पाडव्याला कडुलिंब आपुनबी खातोच की. पर रोज पाडवा आसतोय व्हय?" मालक हसायचा आणि म्हणायचा, "काका, खपतंय ते बनवायचं." त्याचंही चूक नव्हतं, आणि हे मामांना कळत होतं, म्हणून ते जास्त चिडायचे.

ज्वारीची बिअर म्हणजे उपद्व्यापच होता. ज्वारीला मोड मामांनी स्वतःच आणायचे, स्वतःच्या गच्चीवर. ज्वारी भिजवायची, मालकाच्या कारखान्यातल्या वीण चुकलेल्या टॉवेलांवर पसरायची, वरून ओले टॉवेल पांघरायचे. बाळंतिणीची घ्यावी तशी निगा. दर चार तासांनी मामा वर जाऊन टॉवेल उचलून बघायचे आणि मोडांशी बोलायचे. मोड पुरेसे आले की सोलापूरच्या उन्हात वाळवण घालायचं. आपल्या गावच्या उन्हाबद्दल चांगलं बोलणारा मला भेटलेला हा एकमेव माणूस. मग हातानं चोळून मोड झाडायचे, पाखडायचे, आणि पोती भरून दुकानात न्यायची.

या सगळ्यात माझं काम चव घेण्याचं. मी शाळेत भूगोल शिकवतो. जिभेचा आणि माझा संबंध जेवणापुरता. गेल्या दोन वर्षांपासून दर शनिवारी दुपारी मामा मला दुकानात घेऊन जायचे, हातात फुलपात्र द्यायचे आणि विचारायचे, "काय लागलं?" पहिल्यांदा मी "छान" म्हणालो, तर त्यांनी फुलपात्र काढूनच घेतलं. "छान ही काय चव हाय? छान तर पावण्याच्या घरी पोह्यालाबी म्हनत्यात." त्यांच्या धाकानं मी हळूहळू बोलायला लागलो. कधी भाजल्या शेंगेचं टरफल सापडायचं, कधी काकवीची कड, कधी ओल्या सुतळीचा वास. मी सांगायचो आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, म्हातारा उत्तर तपासतोय. पण त्या धाकाचा एक फायदा झाला. घरची आमटीसुद्धा मला पहिल्यांदा नीट लागायला लागली आणि माझ्या बायकोला बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकाबद्दल दोन शब्द ऐकायला मिळाले.

अखेर व्हायचं ते झालं. मालकानं सांगून टाकलं, "काका, ज्वारीची ही शेवटची टाकी. शनिवार-रविवारात संपली तर नळ तुमचा. नाही संपली तर पाचवाही कडू."  त्या खेपेला मामांनी गच्चीवरच्या मोडांशी इतकं बोलून घेतलं की शेजारी चौकशीला आले.

टाकी आंबत असतानाच एका दुपारी मी मामांकडं जेवायला होतो. मामी पिठाला शिव्या घालत होत्या. "पीठ पसरतंय, थापाय यीना. गिरनीवाल्यानं काय मिसळलंय कुनास ठाऊक." तरी कशाबशा भाकऱ्या झाल्या, तांबूस, चिरा पडलेल्या. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. भाकरी चक्क गोड होती, गूळ घातल्यासारखी. माझ्या लक्षात आलं. मामींनी दळणाला डबा भरताना शेजारचं पोतं उघडलं होतं, मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं. मी हसून मामांकडं बघितलं. आता मामा वासावरून ओळखून गडगडाट करणार, या अपेक्षेनं.

मामा पिठल्याबरोबर ती भाकरी खात होते. शांतपणे. एक संपली, अर्धी आणखी घेतली.

मी मामींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, बोलू नका म्हणून. नंतर हात धुताना हळूच म्हणाल्या, "दोन वरसं झाली. मागं ताप आल्ता, त्यात गेलं ते गेलंच. वास न्हाय, चव न्हाय. कडू तेवढं कळतंय, तेबी लांबनं. कुनाला बोलू नका, तुमास्नीबी सांगू दिलं न्हाय त्येंनी."

 चार नळांची जी चव या माणसाला अजून थोडीफार लागत होती, तिच्याशी तो भांडत होता; आणि जी त्याला कधीच लागणार नव्हती, तिच्यासाठी गच्चीवर टॉवेल भिजवत होता. दोन वर्षं मी ज्याला परीक्षा समजत होतो, तो साधा प्रश्न होता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, काय लागलं ते.

बुधवारी टाकीतलं पहिलं फुलपात्र माझ्या हातात आलं. मालक शेजारी उभा. मामांनी विचारलं, "काय लागलं?" माझी जीभ कधी इतकी घाबरली नव्हती. मन राखायला 'झकास' म्हणावंसं वाटलं, पण मामांना तर माझ्या जिभेचाच आधार होता. मी म्हणालो, "मामा, हुरडा आहे. आगटीतून काढून तळहातावर चोळल्यावर येतो, तोच वास. पण गोड जास्त झालंय. शेवटाला तोंड चिकटतंय." मामांनी डोळे उघडले, क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन एका फडक्यात हॉप्सची लहानशी पुरचुंडी बांधून आणली. मालक चाटच पडला. "काका, तुम्ही? ज्वारीत?" मामा पुरचुंडी टाकीत सोडत म्हणाले, "शेंगाचटनी पानात डाव्या हाताला वाडत्यात, शेठ. भाताच्या जागी न्हवं. यवडंच म्हनत होतो मी."

शनिवारी पाचवा नळ सुरू झाला. मामा फुलपात्र घेऊन टेबलाटेबलावर फिरले. कडूवाल्यांनाही घोटभर देऊन विचारायचे, "काय लागलं?" आधी लोक संकोचले, मग बोलायला लागले. टेंभुर्णीचा एक ट्रकमालक म्हणाला, "आमच्या आईच्या आंबिलीची आटवन झाली बगा." एक पुण्याची मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "ऊन लागतंय." मामा त्या उत्तरावर जाम खूश झाले. दिवसभर तेच मला सांगत होते.

रविवारी संध्याकाळी मालकानं टाकीत डोकावून बघितलं. तळाला थोडी उरली होती. मामा खाली बघत फुलपात्र पुसत बसले. मालकानं एक मोठा ग्लास घेतला, नळ पुरता उघडला, उरलेली सगळी त्यात भरली आणि म्हणाला, "संपली, काका." त्यातलं अर्धं फुलपात्र त्यानं मामांना दिलं आणि उरलेला ग्लास उभ्या उभ्या संपवला. त्याचं नाव मी इथं सांगत नाही, पण मी त्याचा ऋणी आहे.

पाचवा नळ अजून आहे. त्या भाकरीबद्दल मी मामांशी अवाक्षर बोललो नाही, तेही बोलले नाहीत. दर शनिवारी मी जातो. ते फुलपात्र पुढं करतात, मी घोट घेतो, आणि हल्ली उत्तराची घाई करत नाही. ज्या माणसानं स्वतःची चव गेल्यावर मला ती दिली, त्याला निदान तिचा हिशोब तरी नीट द्यावा. मी सांगतो: माघातली थंडी, शेताचा बांध, आगटीचा धूर, गरम कणीस एका हातातून दुसऱ्या हातात झेलणारं पोर, बाजूला बसलेली मेंढरं, आणि अगदी शेवटी, जिभेच्या टोकाला, चिमूटभर कडू.

मामा डोळे मिटून ऐकत असतात. फुलपात्राला ओठ लावतात.

"व्हय," म्हणतात. "आता लागली."