लाल टोकाची काडी

"मला काय इचारता? काडीला इचारा!" वर्गात कुणी प्रश्न केला, की आमचे सर खिडकीजवळच्या ट्रेकडे बोट दाखवायचे. लातूरच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर. सर बिलोलीकडचे, घरातले पहिले शिकलेले. बोलणं मात्र अखेरपर्यंत गावचंच राहिलं, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

काही द्रवांचे कण काडीसारखे लांबट असतात. दाटी वाढली की ते एका दिशेला तोंड करून ओळींत उभे राहतात. त्या गर्दीत एखादी काडी हलते कशी, हा सरांचा पीएच.डी.चा विषय. "कडब्याच्या पेंढीतलं धाट लांबीनं ओढलं तर निघतंय. आडवं ओढून बघ बरं!" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांनी तारेचे सारखे तुकडे काचेच्या ट्रेमध्ये दाटीनं भरले आणि शिलाई मशीनच्या मोटारीवर ट्रे हलता ठेवला. एका तुकड्याचं टोक लाल रंगवलेलं. तो कोणत्या ओळीत आहे, ते मी वहीत लिहायचं.

इतक्या दाटीत काडी आपली ओळ सोडत नाही, असं सरांचं ठाम मत. पण मधूनच लाल काडी झटक्यात शेजारच्या ओळीत जाऊन बसे. सर म्हणत, "ट्रे कलला असंल. खोड ते." मी खोडायचो. अशी चार वर्षं गेली.

मग लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, नळ कोरडे. कॉलेजात विभागप्रमुखाचं पद निघालं. प्रबंध वेळेत दिला तर ते सरांचंच होतं. त्या उन्हाळ्यात सर प्यायचं पाणी घरून बाटलीत आणत. एकदा काडी उडाली तशी मी मोटार बंद केली आणि ती बाटली ट्रेच्या झाकणावर आडवी करून, आधी लांबीत मग रुंदीत ठेवून पाहिली. माझे वडील गवंडी; पाणसळ लावून पातळी बघायची सवय घरचीच.

"सर, बुडबुडा बराबर मधी हाय. ट्रे कुठं कललाय?"

सरांचा चेहरा उतरला. पंधरा दिवस आम्ही ट्रे फिरवून फिरवून पाहिला. काडी दोन्हीकडे सारखीच उडत होती आणि अध्येमध्ये न थांबता आपली अख्खी लांबी ओलांडून बसत होती. "चार वर्सं झाले, काडी सांगून राहिली," सर डोळे पुसत हसले, "म्याच ऐकलं न्हाई."

प्राचार्य म्हणाले, "परिचरानं नोंदी चुकवल्या म्हणून लिहा आणि प्रबंध देऊन टाका." मी चहा घेऊन दारातच होतो.

"खोड म्हणून म्याच सांगितलं साहेब," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना विनवलं, "घ्या की माझं नाव. माझं काय जातंय?"

"तुझं न्हाई. माझं जातंय."

सगळ्या नोंदी पुन्हा घेण्यात दोन वर्षं गेली, पद दुसऱ्याला गेलं. सर ट्रेजवळच राहिले. एवढ्या स्वच्छ मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्हाला भेटला असेल तर तुम्ही नशीबवान.

सर वारले त्या वर्षी माझी मुलगी त्याच कॉलेजात शिकत होती. तिनं ग्रंथालयातून तो इंग्रजी प्रबंध शोधून आणला आणि पहिलं पान मला मराठीत सांगितलं. "वहीतली प्रत्येक खोडाखोड माझ्या हुकमावरून झाली," असं सरांनी लिहिलं होतं. "ट्रे कललेला नाही, हे माझ्या सहकाऱ्यानं दाखवलं," असंही. पुढं माझं पूर्ण नाव होतं.

"सहकारीच लिहिलंय का?" मी विचारलं.

"हाव, बाबा."

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.