घे, शोध

आज वॉर्डमध्ये नवी लागलेली मुलगी एका आजोबांच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवत होती. शीर सापडेना, तसे तिचे डोळे भरले. त्या वासासरशी मी जूचंद्रच्या आमच्या ओटीवर पोहोचले.

तेव्हा माझं नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिली ड्युटी, आणि डोक्यात एकच प्रश्न: शीरच सापडली नाही तर? बाबा मिठागरातून आले, हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले आणि हात पुढे केला. "घे, शोध. माझी गावली तर कोनाचीपन गावेल."

मिठाने राठ झालेली, चिरलेली कातडी. मनगटाच्या वर आईचा रुमाल आवळून मी स्पिरिट लावलं. भेगांत झोंबलंच असणार, पण बाबा हसत राहिले. मी बोटाने चाचपत राहिले आणि अखेर बोटाखाली शीर हलकेच उसळली.

तेव्हा फक्त शीर सापडल्याचा आनंद झाला. चारचौघांत हात कायम खिशात लपवणाऱ्या माणसाने तो माझ्यासाठी उजेडात धरला होता, हे फार उशिरा कळलं.

आजोबांची सुई मीच लावली. मग त्या मुलीशेजारी बसले आणि माझा हात पुढे केला.

"घे, शोध."