मोह पडायच्या दिवसांतला दौरा
बाळांनो, तुमच्याकडची झाडं फुलल्याचा फोटो काल मला आला, आणि तुमची आजी असे फोटो पाहून गप्प का होते, हे आता सांगून टाकावं असं वाटलं. साठ सालच्या आसपास मी देवीची लस टोचत घाटंजीकडच्या गावांतून जीपने फिरत असे. त्या सकाळी टेकड्यांवर पळस लाल झाला होता आणि मोहाच्या फुलांचा गोड, जड वास जीपमध्ये भरला होता. "वसंत आला!" मी म्हणाले. "हव बाई, मोहा पडून राह्यला," ड्रायव्हरचाचा म्हणाले, "आज पोडावर कोनी भेटनार नाही." त्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, खरंच एक म्हातारी तेवढी होती. "सारे फुलं येचाले रानात गेले. माही नात बी तिकडंच हाये. दुपारलोक थांब न वं बाई." चाचाही म्हणाले, "थांबू न, कायची घाई हाये?" पण अकराला मला पुढच्या गावी पोचायचं होतं, आणि ठरलेली वेळ मी कधी चुकवत नसे. आम्ही निघालो. महिन्याने परत गेले, तोवर तिथे देवीची साथ येऊन गेली होती आणि त्यात म्हातारीची सहा वर्षांची नात दगावली होती. म्हातारी माझ्यावर रागावली नाही. "आता कोनाले टोचतं वं बाई?" एवढंच तिने विचारलं. त्या वर्षीची माझी दौऱ्याची वही अजून कपाटात आहे. तीत त्या मुलीच्या नावापुढे माझ्या नीटस अक्षरात ‘गैरहजर’ असं लिहिलेलं आहे.