किरायाचं ऊन

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. पुढे वरठीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि भंडाऱ्यात किरायाने राहू लागले. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी प्रत्येक घरमालकाला सांगाव्या लागत. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारत, मग "घरी विचारून कळवतो" म्हणत. कोणी कधी कळवलं नाही. ज्यांनी खोली दिली तेही डोक्यावर बसायचं सोडत नसत. एक घरमालकीण तर कुकरच्या वासावरून माझ्याकडे आज काय शिजलं ते सांगायची, आणि ते का शिजायला नको होतं तेही. मी एकदा तिला म्हटलं, "काकू, ताट वाढून आणू का?" तिला राग आला. मग मीच खोली बदलली.

म्हणून महामार्गाच्या अंगाला लिफ्टवाली नवी इमारत झाली आणि तिच्यात फ्लॅट मिळाला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. फ्लॅटचा मालक नागपुरात राहायचा आणि त्याला माझ्याबद्दल जाणून घेण्याची अजिबात हौस नव्हती. इमारतीची देखरेख एका कंपनीकडे होती. नळ गळाला तर फोन करायचा, माणूस येऊन दुरुस्त करून जायचा आणि जाताना माझ्या स्वयंपाकघराकडे बघायचासुद्धा नाही. लाइन गेली तरी जनरेटरवर लिफ्ट चालायची. लोक विचारायचे, एवढा किराया कायले देते? लिफ्ट आवडायचीच, चोवीस तास पाणीही आवडायचं. पण खरं सुख गेटवर होतं. तिथे मला आडनाव नव्हतं. वॉचमन मला "चारशे दोनवाल्या मॅडम" म्हणायचा, आणि तो नंबर मला फार गोड वाटायचा.

बाबा गेल्यावर आई आमच्या गावी, दिघोरीला एकटीच राहत होती. त्या हिवाळ्यात ती अंगणात पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण माझा धीर मोडला. मी तिला उचलून भंडाऱ्याला आणलं. लिफ्ट तिला आवडली. दुसऱ्याच दिवशी ती एकटी वरखाली करू लागली. वॉचमन तिकडचाच, लाखांदूरकडचा निघाला, त्यामुळे तिचं गेटवर बोलणंही सुरू झालं. मला वाटलं, जमलं.

उन्हं तापू लागली तशी ती बेचैन झाली. आमच्या बाल्कनीत समोरच्या इमारतीची सावली. सकाळी जरासं ऊन यायचं आणि लगेच निघून जायचं. तांदळाचे पापड, कुरडया, लाखोरीच्या डाळीच्या वड्या, हे सगळं उन्हाळ्यात केलं नाही तर तिच्या लेखी वर्षच वाया जातं. "तुह्या घरात समदं आहे," ती म्हणाली, "ऊनच नाही."

मग एका सकाळी तिने पापड लाटले आणि लिफ्टने थेट गच्चीवर नेले. टाकीची देखभाल करायला माणूस आला होता, म्हणून दार उघडं होतं. जुनी साडी अंथरून तिने सगळे पापड मांडले आणि कठड्याच्या सावलीत राखण करत बसली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ती पलंगावर बसलेली होती आणि पुढ्यात त्या साडीचं गाठोडं होतं. फ्लॅटमालकांच्या सोसायटीचे अध्यक्ष वर आले होते. त्यांनी वॉचमनला बोलावून साडी गुंडाळायला लावली होती. ओले पापड एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता.

"मी मामाले फोन केला," आई म्हणाली. "रविवारी येते तो मले न्यायले."

ती रडली नाही, ओरडली नाही, आणि म्हणूनच मला कळलं की ही खरंच जाणार. दिघोरीचं ते अंगण, ती पडलेली, आणि हाकेला कोणी नाही, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. राग मात्र आधी तिच्यावरच निघाला.

"आई, लिफ्टजवळचा बोर्ड वाचला नव्हता का तू?"

"वाचला तं," ती म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई बोटाने अक्षर जुळवत का होईना, दिसेल ते वाचते. "भाडेकरूंना गच्चीवर मनाई आहे."

"मग?"

"मंग काय? आपुन भाडेकरू आहो का वो? भाडेकरू म्हंजे भाडं मारनारे. आटोवाले, गाडीवाले. आपुन तं किरायदार आहो."

आमच्याकडे भाडं असतं ते गाडीचं. ऑटोवाला तुमसरचं भाडं घेऊन जातो, मेटॅडोरवाला धानाचं भाडं मारतो. घराचा असतो तो किराया. भाडेकरू हा शब्द आईने उभ्या जन्मात कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ऑटोवाल्यांना गच्चीवर कशाला जायचं असतं, हा प्रश्न तिलाही पडला होता म्हणे. पण शहरात काही सांगता येत नाही असं तिने ठरवलं. मला हसू फुटलं, तीही हसली. मग त्या गोळ्याकडे लक्ष गेलं आणि आईने साडीची गाठ पुन्हा बांधली.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये फ्लॅटमालकांची बैठक होती. किरायदारांना बोलावणं नसायचं. मी प्रत्येक मजल्यावर गेले आणि एकेक दार ठोठावलं. दार उघडणारे जवळपास सगळे किरायदारच निघाले, कारण मालक बहुतेक नागपुरात. सरकारी दवाखान्यातली नर्स होती, बँकेतला एक तरुण होता, वरठीला पाळीने जाणारे आमच्याच कारखान्यातले लोक होते. सगळ्यांची काही ना काही तक्रार गच्चीशी अडकलेली होती. कोणाच्या गाद्यांना ऊन नव्हतं, कोणाच्या पोरांना पतंग उडवायला जागा नव्हती. नर्सबाईंच्या सासूबाईंनी तर कुरडयांसाठी दोनदा गहू भिजवले आणि ऊन नाही म्हणून चीक फेकला होता. सगळे खाली आले.

"मॅडम, ही मालकांची बैठक आहे," अध्यक्ष म्हणाले. निवृत्त अधिकारी, इमारतीत त्यांचे स्वतःचे दोन फ्लॅट. एकात ते राहायचे, दुसरा किरायाने दिलेला.

"आम्ही बसत नाही, काकाजी. उभे राहतो."

त्यांनी कारणं सांगितली. टाकी आहे, सोलरचे पॅनल आहेत, आणि किरायाने राहणारा आज आहे, उद्या नाही, त्याला जागेची माया नसते. हे शेवटचं मला झोंबलं. मी आवाज चढवणार होते, पण त्याऐवजी आईने बोर्ड कसा वाचला तो किस्साच मी सांगून टाकला. पार्किंगभर हशा झाला. अध्यक्षही हसले, आणि हसताना जरा सैल झाले.

"चुकी माझ्या आईची," मी म्हटलं. "पण चुकी पुन्हा व्हायला नको. त्या बोर्डावरचा 'भाडेकरू' खोडा आणि 'किरायदार' लिहा. म्हणजे इथल्या प्रत्येकाला समजेल की मनाई कोणाला आहे."

बोर्ड समोरच होता, लिफ्टच्या बाजूला. मार्कर मी पर्समध्ये घालूनच आणला होता. तो मी त्यांच्या हातात दिला.

ते बोर्डापर्यंत गेले. त्यांनी 'भाडेकरूंना' हा शब्द खोडला. मग वळून बघितलं. मागे आम्ही सगळे उभे होतो आणि पहिल्याच रांगेत त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटमधलं जोडपं होतं, ज्यांच्याकडे ते रोज सकाळी पेपर वाचायला जात. भाडेकरू हा कागदावरचा शब्द होता, तो लिहिताना कोणाचं तोंड दिसत नव्हतं. किरायदार म्हणजे समोर उभी असलेली ही माणसं. त्यांनी मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"असं कसं लिहू, मॅडम," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांनी उरलेली ओळही खोडून टाकली.

गच्चीची किल्ली वॉचमनकडे राहील, टाकी आणि पॅनलच्या जवळ काही मांडायचं नाही, एवढं ठरलं आणि बैठक आटोपली. मला आनंद झाला, अगदी भांडणात जिंकल्याचा आनंद, आणि तो मी मुळीच लपवला नाही. लिफ्टमध्ये नर्सबाई आणि मी एकमेकींना टाळ्या देत वर गेलो. एवढ्या खोल्या बदलल्या, पण कुठल्याच घरी मी भांडून राहिले नव्हते. भांडण व्हायचं आणि मी सामान बांधायचे. ज्या जागेसाठी भांडावंसं वाटलं अशी ही पहिलीच.

आईला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली आणि पिठाचा डबा काढायला गेली. ती राहणार की जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी गच्ची साड्यांनी भरून गेली. कोणी पापड घातले, कोणी मिरच्या, कोणी गाद्या टाकल्या. अध्यक्षांच्या बायकोनेही गव्हाच्या कुरडया मांडल्या आणि त्या नीट गोल होत नाहीत म्हणून आईने तिला दोन शब्द सुनावले. वॉचमनने मामाला वर आणून सोडलं. मोटरसायकलवरून आलेला मामा धुळीने माखला होता. मी आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"चाल बाई," मामा म्हणाला. "उन्हाच्या आत निघू."

"मले काहीच टाइम नाही," आई पापड उलटवत म्हणाली. "तू जेवून घे अन् जाय."

"मंग घरी कधी येशीन?"

आईने मान वर केली नाही. "घरीच तं आहो मी," ती म्हणाली.